आईबाबांचे फोटो अन् कागद घरच्या सर्व्हरवर ठेवायचेत, एआयला विचारून सेटअप केला तर टिकेल का?

मनीषनगरचा_बाबू

नमस्कार मंडळी. मी अकाउंट्सवाला माणूस, कोडिंगचा गंध नाही हे आधीच सांगून देतो. घरी असं झालंय की आईच्या अन् माझ्या फोनचे फोटो मिळून क्लाउडचे फुकटचे १५ जीबी कधीचेच भरले, अन् बाबा रिटायर झाल्यापासून त्यांचे सातबारा, घरटॅक्सच्या पावत्या, एलआयसीचे बाँड असे ट्रंकभर कागद आहेत, ते स्कॅन करून ठेवायचे अन् पाहिजे तेव्हा सापडले पाहिजे. एक जुना लॅपटॉप पडून आहे, आय-५, ८ जीबी रॅम, स्क्रीन तडकलेली पण बाकी ठीक.

एआयला विचारलं तर त्यानं बसल्या बैठकीत अख्खा प्लॅन काढून दिला. उबंटू सर्व्हर (विंडोजच्या जागी टाकायची सिस्टीम), डॉकर (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं), फोटोसाठी इमिच, कागदांसाठी पेपरलेस, शिवाय बाकीच्या फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमांसाठी जेलीफिन, जाहिराती अडवायला पायहोल, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन, अन् हे सगळं नीट चालून राहिलं की नाही ते पाहायला ग्राफाना. एरर आला की मी चॅटमध्ये पेस्ट करतो, ते नवीन कमांड देतं, ती टाकली की चालते, पण काऊन चालली ते मला घंटा कळत नाही. इमिच अन् पेपरलेस घरात उघडून राहिलेत. अडकलो बाहेरून उघडण्यावर. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून सर्व्हरपर्यंत यायची वाट उघडली, मोबाईल डेटावरून काहीच उघडत नाही, आता एआय म्हणते सर्व्हरची फायरवॉल बंद करून पाहा. करू का? अन् मुख्य प्रश्न असा की मला न समजणारी गोष्ट अशी उभी करून त्यात आईबाबांचे फोटो टाकावे का?

बर्डीवाला

फायरवॉल बंद नको करू बाप्पा, तिचा इथं काही संबंधच नाही. आधी एक काम कर, राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) म्हणून जो नंबर दिसतो तो पाहा अन् मग गूगलवर माझा आयपी काय असं विचारून जो येतो तो पाहा. दोन्ही वेगळे असतील अन् राउटरवाला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या टप्प्यात असेल तर तू सीजीनॅटच्या मागं आहेस, म्हणजे एकाच पब्लिक आयपीवर इंटरनेटवाल्यानं बरेच घरं बसवलेले आहेत. मग तू तुझ्या राउटरमध्ये शंभर पोर्ट उघड, बाहेरून आलेलं कनेक्शन तुझ्या राउटरपर्यंत पोचतच नाही. आपल्याकडं घरगुती फायबरला हे सर्रास आहे. एआयला हे माहीत असतं बरं का, पण तू त्याला वॅन आयपी सांगितलाच नाही तर ते तुझ्याच मशीनमध्ये दोष शोधत बसते. "कमांड दे" म्हणण्यापेक्षा "कारण काय काय असू शकते अन् प्रत्येक कारण तपासायचं कसं" असं विचार, उत्तर एकदम बदलते.

उपाय सोपा आहे. टेलस्केल टाक, म्हणजे आपल्याच यंत्रांना जोडणारं खाजगी नेटवर्क, सर्व्हरवर अन् घरच्या फोनांवर. आत वायरगार्ड नावाचं व्हीपीएनच आहे, घरगुती वापराला फुकट प्लॅन पुरतो, एकही पोर्ट उघडावा लागत नाही. त्याचा पत्ताही १०० नेच सुरू होतो, ते पाहून गोंधळू नको, तो वेगळा विषय आहे. एआय बहुतेक तुला क्लाउडफ्लेअर टनेलही (त्यांच्या सर्व्हरमधून तुझ्या घरापर्यंत वाट देणारी सोय) सुचवेल. ते चांगलं आहे पण फुकट प्लॅनमध्ये एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा आहे, म्हणजे फोटो जातील अन् भाच्याच्या वाढदिवसाचा लांबलचक व्हिडिओ तेवढा जाणार नाही, अन् तू इमिचला शिव्या देत बसशील.

अजून एक, ही गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. उबंटूत यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू आहे म्हणून निर्धास्त नको राहू. डॉकरमध्ये जो पोर्ट बाहेर काढलेला असतो तो यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडा राहतो, कारण डॉकर आपले नियम स्वतःच लिहिते. ज्या गोष्टी फक्त त्याच मशीनवर लागतात त्यांच्या पोर्टापुढं १२७.०.०.१ लावायचं. एआयनं दिलेल्या कम्पोज फाइलमध्ये (कोणता कंटेनर कसा चालवायचा ते यात लिहिलेलं असते) डेटाबेसचा पोर्ट बाहेर काढलेला दिसला तर सरळ ती ओळ उडव, इमिचला त्याची गरज नाही.

तर्रीपोहे

मी थोडं उलटं बोलतो, राग नको मानू. फोटो अन् कागद ठेवायला जेलीफिन, ग्राफाना, पायहोल कायले पाहिजे भाऊ? तर्री पोहे खायचे म्हणून अख्खं हॉटेल टाकून राहिला तू. एआयला काही विचारलं की ते नाही म्हणतच नाही, दहा गोष्टी वाढून देते, सांभाळायच्या मात्र तुलेच आहेत.

अन् पैसे वाचतील म्हणून करत असशील तर हिशोब कर, तू तर अकाउंट्सवाला आहेस. डेस्कटॉप ६० वॅटनं चोवीस तास चालला तर महिन्याला ४३ युनिट होतात, त्यात क्लाउडचं छोटं पॅकेज आरामात येते. लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून १०-१२ वॅटवर बसला तर सात ते नऊ युनिट, तेव्हा कुठं गणित जमते. वर बॅकअपची डिस्क विकत घ्यायची ती वेगळी. आपला माल आपल्या घरात पाहिजे असं वाटत असेल तर कर, मी पण त्याच्यासाठीच केलंय. बचत म्हणून नको करू.

कन्सोल_ताई

मी नोकरीतच सर्व्हर सांभाळते, त्यामुळे दोन गोष्टी जरा कडक शब्दांत सांगते.

डेटा घराबाहेर जाऊ नये म्हणून तुम्ही हे सगळं करताय ना? मग एरर आला की अख्खी एन्व्ह फाइल चॅटमध्ये पेस्ट करता का, हे आधी बघा. डेटाबेसचा पासवर्ड, टेलस्केलची की, सगळं त्यातच असतं. लॉग टाकायच्या आधी पासवर्डांच्या जागी फुल्या टाका. आतापर्यंत पेस्ट केले असतील ते सगळे बदला, आजच. फाइल स्कॅन कशी होते हे समजून घ्यायला बाबांचा खरा सातबारा किंवा आधार एआयला द्यायची काहीच गरज नाही, कुठलाही फालतू कागद चालतो.

दुसरं, आजकाल ते टर्मिनलमध्ये बसून स्वतःच कमांड चालवणारे एजंट आलेत. मी वापरते, झकास काम करतात, पण ज्या मशीनवर फोटोंची एकुलती एक प्रत आहे तिथं त्याला सुडोची, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार वापरायची, मोकळीक देणार नाही म्हणजे नाही. ते मुद्दाम काही बिघडवत नाही, पण त्याला "एरर घालव" सांगितलं की ते एरर घालवायच्या मागे लागतं, अन् एरर घालवायचा सगळ्यात छोटा रस्ता म्हणजे कधी कधी सगळं पुसून परत उभं करणं. कम्पोज डाऊन या कंटेनर बंद करायच्या कमांडच्या पुढे मायनस व्ही लागलेलं दिसलं की हात थांबवा, त्यानं कंटेनरसोबत डॉकरचे नाव दिलेले व्हॉल्यूम (डेटा साठवायच्या जागा) पण जातात, म्हणजे त्यात डेटाबेस असेल तर तोही. तसंच परवानगीचा एरर आला की ७७७ देऊन टाका असं सुचवतात. चालतं ते, पण ७७७ म्हणजे त्या फोल्डरमध्ये मशीनवरचा कोणीही लिहू शकतो अन् पुसू शकतो. कंटेनर कोणत्या युजरनं चालतोय ते विचारा अन् फोल्डर त्याच्या नावावर करा. माझा नियम असा की त्याला फाइल लिहू द्यायची, वाचायची आपण अन् चालवायचीही आपण. एकेक ओळ काय करते ते त्यालाच विचारा, समजावून सांगायला ते कधी कंटाळत नाही, अन् अकाउंट्सवाल्या माणसाला कम्पोज फाइल कळायला फार काही लागत नाही, खातेवहीपेक्षा सोपी असते.

बाकी इमिचची कम्पोज फाइल एआयकडून लिहून घेऊच नका. त्यांच्या साइटवर प्रत्येक रिलीजसोबत तयार फाइल मिळते, तीच घ्या. २०२५ मध्येच त्यांनी डेटाबेसच्या आतलं शोधाचं एक्स्टेन्शन बदललं, अन् एआयच्या डोक्यात जुन्या फाइली बसलेल्या असतात, त्यातून जुनं अन् नवं मिसळून असं काही तरी निघतं की आज चालतं अन् पुढच्या अपडेटला बसतं. अपडेटच्या आधी रिलीज नोट्स त्याला वाचायला द्या अन् आपल्या फाइलमध्ये काय बदलावं लागेल ते विचारा, त्या कामाला मात्र ते सोनं आहे.

उन्हाळी_भौ

सगळे सॉफ्टवेअरचं बोलून राहिले, सर्व्हर ठेवणार कुठं ते कोणी विचारलंच नाही. नागपुरात आहेस ना बे, नवतपा (मे-जूनचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस) कुठं गेला? माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवला तर मे महिन्यात बाहेर ४५ असते तेव्हा आत काय होत असेल विचार कर. बहुतेक हार्ड डिस्कच्या कागदावर ६० अंशांची मर्यादा लिहिलेली असते, बंद जागेत तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. स्मार्टसीटीएल नावाचा टूल टाक, डिस्कचं तापमान दाखवते, अन् हे काम एआयला सांगायला एकदम बेस्ट आहे, ५० च्या वर गेलं की फोनवर मेसेज येईल असा छोटा स्क्रिप्ट लिहून मागव.

अन् कूलरच्या समोर ठेवू नको. गार हवा लागते म्हणून लोक तिथंच ठेवतात अन् मग धूळ अन् ओलावा दोन्ही आत. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, पंख्याची हवा लागेल असा ठेव.

लाइटचं म्हणशील तर लॅपटॉपचा फायदा हाच की बॅटरी म्हणजे घरचा यूपीएस. पण कायम चार्जिंगवर राहिला की बॅटरी फुगते, म्हणून बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) चार्ज ६०-८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लाव. बाहेरची मोठी डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर असेल तर तिला मात्र लॅपटॉपची बॅटरी वाचवत नाही, लाइट गेली की ती जागच्या जागी बंद. म्हणून यूएसबीवरच चालणारी अडीच इंची घे, नाहीतर राउटर अन् डिस्क दोन्हीला छोटा यूपीएस लाव.

स्कॅनवाली_काकू

बाबांच्या कागदांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी आमच्या यजमानांचे सगळे कागद पेपरलेसमध्ये टाकले आहेत. त्यात मराठी ओळखता येतं, आत टेसरॅक्ट नावाचं इंजिन आहे अन् त्याला मराठीचं पॅकेज आहे. पण आपोआप येत नाही. इथं एआय हमखास घोळ घालतं कारण सेटिंगची दोन नावं जवळजवळ सारखी आहेत, ओसीआर लँग्वेज अन् ओसीआर लँग्वेजेस (ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं), फरक शेवटच्या एका एसचा. एसवाल्यात मराठीचा कोड टाकला की पॅकेज बसतं. बिनएसवाल्यात मराठी अधिक इंग्रजी असं टाकलं की ते वापरलं जातं. एकच भरलं तर काम होत नाही. दोन्ही भर, कंटेनर नव्याने उभा कर, अन् आधी टाकलेले कागद पुन्हा ओळखायला लाव.

छापील सातबारा बऱ्यापैकी वाचतं. गट नंबर टाकला की कागद समोर येतो, यजमान अजून विश्वास ठेवत नाहीत. हाताने लिहिलेलं जुनं खरेदीखत मात्र काही वाचत नाही, तिथं नाव अन् टॅग आपल्या हातानेच घालायचे, कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचं असतं. मूळ कागद फेकू नका हो, कोर्टकचेरीत तोच लागतो.

इमिचमध्येही भाषेची गंमत आहे. शोधायचं मॉडेल मुळात इंग्रजीचं येतं, मराठीत "नदी" टाकलं की काहीच्या काही दाखवतं. सेटिंगमध्ये बहुभाषी मॉडेल निवडता येतं, मग सगळे फोटो पुन्हा तपासायला लावावे लागतात, जुन्या लॅपटॉपला त्यात बराच वेळ जातो, रात्री लावून झोपा. एवढं करून आपल्या नागपूरच्या मिरवणुकीची "मारबत" टाकलं तर सापडेल अशी आशा ठेवू नका, त्याचा आपला वेगळा अल्बमच करा.

मनीषनगरचा_बाबू

भारी बाप्पा, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. राउटरचा वॅन आयपी पाहिला, १०० नेच सुरू होऊन राहिला अन् गूगलवाला वेगळाच, म्हणजे बर्डीवाले भाऊ म्हणाले तेच. टेलस्केल टाकलं, मोबाईल डेटावरून इमिच उघडलं. इमिच अन् पेपरलेस सोडून बाकीचं सगळं काढून टाकतो. पासवर्ड बदलतो ताई.

बॅकअपचं सांगा अजून. एआय म्हणते इमिच रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप स्वतःच घेते, मग वेगळं काही करायला पाहिजे का?

बर्डीवाला

घेते, पण तो डंप, म्हणजे बॅकअपची फाइल, ठेवते कुठं ते विचारलं का? फोटोंच्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही सोबतच जातात. अन् तो फक्त डेटाबेसचा असतो, म्हणजे अल्बम, चेहऱ्यांची नावं वगैरे, फोटो त्यात नसतात. त्यामुळं तो पूर्ण फोल्डर दुसऱ्या यूएसबी डिस्कवर रेस्टिक नावाच्या बॅकअप टूलनं रोज रात्री, अन् तिसरी प्रत घराबाहेर. इमिचवालेही तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर हेच सांगतात. बहीण-भाऊ कोणी गावात असेल तर एक डिस्क त्यांच्याकडं ठेवून महिन्याला अदलाबदल कर. रेस्टिक सगळं एन्क्रिप्ट करते, म्हणून त्याचा पासवर्ड कागदावर लिहून बाबांच्या ट्रंकेत ठेव. तो हरवला तर एआयही काही करू शकत नाही.

स्क्रिप्ट एआयकडून लिहून घे, मस्त लिहून देते. पण बॅकअपमधून एखादा फोल्डर दुसरीकडं काढून फोटो उघडून पाहिल्याशिवाय फोनमधले मूळ फोटो उडवू नको.

कन्सोल_ताई

अन् आईंच्या फोनमध्ये इमिचसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करून ठेवा, नाहीतर अँड्रॉइड मागच्या मागे ॲप झोपवतं अन् अपलोड थांबतो, त्यांना कळतही नाही. जुने फोटो पहिल्यांदा चढवताना फोन चार्जिंगला लावून, घरच्या वायफायवर, ॲप उघडं ठेवून चढवा.