कोंबड्यांच्या डोळ्यांत फेस, रात्री घरघर: अमॉक्सिसिलिन द्यावं का?

परसदार_१४
एकूण १४ कोंबड्या, वय ८ ते २० महिने. १९ दिवसांपूर्वी आणलेल्या दोन तलंगा थेट कळपात सोडल्या होत्या. गेले ६ दिवस शिंका चालू आहेत. आज तिघींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसला आणि एकीचा डोळ्याखालचा भाग फुगलाय. खाणंपिणं चालू आहे, मर नाही. अंडी रोजच्या ९ वरून ५ वर आली. घरात अमॉक्सिसिलिनची पावडर आहे. पाण्यातून देऊ का? किती?

पिसारा
ती पावडर ठेवून द्या. फेसाळ डोळे, शिंका, हळूहळू पसरणं आणि मर नसणं, हे सगळं मायकोप्लाझ्मा या जंतूकडे बोट दाखवतं (त्याच्यामुळे होतो तो जुनाट श्वसनरोग, म्हणजे सीआरडी). अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं जंतूची पेशीभित्तिका बांधू देत नाहीत आणि मायकोप्लाझ्माला ती भित्तिकाच नसते. म्हणजे औषध पोटात जाईल, जंतू जागचा हलणार नाही.

तरी निदान पक्कं समजू नका. पसरण्याचा वेग बघा. सीआरडी दिसायला ६ ते २१ दिवस लागतात, तुमचा हिशेब त्यात बसतो. कोरायझा (जंतूमुळे होणारी कोंबड्यांची सर्दी) असता तर संपर्कानंतर १ ते ३ दिवसांत तोंडं सुजली असती आणि नाकातल्या स्रावाला कुजकट वास आला असता. फुगलेल्या कोंबडीचं नाक वास घेऊन बघा, किळस वाटली तरी. संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस तर दीड-दोन दिवसांत सगळ्या कळपात फिरतो, आणि त्यात अंड्यांची कवचं सुरकुततात, पांढरं पाण्यासारखं पातळ होतं. पाच अंडी फोडून बशीत ओता, कळेल.

चोच उघडून घसाही बघा. पिवळट, खरवडल्यावर रक्त येणारे थर असतील तर देवीचा घशातला प्रकार असू शकतो. मान ताणून श्वास घेणं आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे, हे आयएलटीचं (श्वासनलिकेच्या विषाणूजन्य आजाराचं) लक्षण. या दोन्ही विषाणूंवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

आणि एकाएकी मर, निळसर तुरा, हिरवी हगवण किंवा मान वळणं यातलं काही दिसलं तर उपचार करत बसू नका. ते राणीखेत किंवा बर्ड फ्लू असू शकतं. मेलेला पक्षी कापू नका, सरकारी पशुवैद्यकाला कळवा.

भुसा_बदला
औषधाआधी हवा. रात्री अंधार पडल्यावर दोन तासांनी खुराड्यात जा, कोंबड्या बसतात त्या उंचीवर नाक न्या आणि एक मिनिट थांबा. डोळे चुरचुरले तर अमोनिया जास्त आहे. तो २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेला की श्वासनलिकेतली बारीक केसाळ झालर निकामी होते आणि एरवी झोपून राहिला असता तो मायकोप्लाझ्मा डोकं वर काढतो. आपलं नाक सवयीनं बोथट होतं, म्हणून बाहेरून आत शिरतानाचा पहिला श्वासच खरा.

भुसा मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ओला आहे. वरवर कोरडा भुसा पसरू नका, खालचा ओला थर काढा. ओल्या गादीवर चुना टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, पण चुन्यानं गादीचा अल्कपणा वाढतो आणि उलट जास्त अमोनिया सुटतो, तेही कोंबड्या आत असताना. बुरशीचा वास येणारा भुसा तर अजिबात नको. त्यातून फुप्फुसात बुरशी जाते आणि त्या घुसमटीत सहसा घरघरीचा आवाज नसतो, चोच नुसती उघडमिट होते.

वारा खेळता हवा, पण बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावरून. अंगावर झोत आला तर आणखी बिघडेल.

पिसारा
औषधाचा मुद्दा राहिला. मायकोप्लाझ्मावर टायलोसिन, टेट्रासायक्लिन किंवा टियाम्युलिन चालतं. निवड पशुवैद्यकाची, कारण प्रत्येकात एक खोडा आहे. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटतं, म्हणून शिंपल्याचा चुरा तेवढे दिवस बाजूला ठेवतात. टियाम्युलिन हे मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन (रक्ती हगवण रोखायला खाद्यात घालतात ती औषधं) घातलेल्या खाद्याबरोबर गेलं तर कोंबड्या लुळ्या पडून मरतात. खाद्याच्या पोत्यावरचं लेबल आधी वाचा.

टायलोसिनची पाण्यात विरघळणारी पावडर साधारण लिटरला अर्धा ग्रॅम औषध, ३ ते ५ दिवस, या बेतानं देतात. पावडरमध्ये औषधाचं प्रमाण किती ते बघून हिशेब करा. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, म्हणजे तुम्हाला साडेतीन लिटर. रोज ताजं करा आणि दुसरं पाणी कुठेही ठेवू नका, डबकंसुद्धा. फसतं ते इथेच: आजारी कोंबडी कमी पिते, म्हणून जिला सगळ्यात गरज तिलाच औषध कमी पोचतं. तिला वेगळी ठेवा, थेंब थेंब चोचीच्या कडेला सोडा. पिचकारी घशात मारू नका, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. औषध चालू असताना आणि लेबलवरच्या मुदतीपर्यंत अंडी खाऊ नका.

परसदार_१४
नाकाला वास नाही. अंडी फोडली, पांढरं घट्ट आहे. घसे स्वच्छ. अंधारात सहा जणींची घरघर ऐकू आली. डोळे मात्र आत शिरताच चुरचुरले. बऱ्या झाल्यावर नव्या आणू शकतो ना?

भुसा_बदला
आणू नका. लक्षणं गेली तरी त्या वाहक राहतात. थंडी, पीस गळणं, जागाबदल, कशानेही पुन्हा शिंकू लागतील, आणि नव्या आलेल्यांना लागण ठरलेली. जंतू अंड्यातून पिल्लातही जातो, म्हणून या कळपाची अंडी उबवायला ठेवू नका आणि जिवंत कोंबड्या कुणाला देऊ नका. नक्की काय आहे ते कळायला टाळूच्या फटीतला स्वॅब (कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना) पीसीआरला, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला पाठवा, पण पहिल्या मात्रेच्या आधी घ्या. एखादी मेली तर दोन पिशव्यांत बांधून थंड ठेवा, गोठवू नका, आणि २४ तासांत प्रयोगशाळेत न्या.

पिसारा
एक भर. रोजची कामं आधी धडधाकट कोंबड्यांची, मग आजारींची, आणि त्यांच्यासाठी वेगळ्या चपला. फेस कोमट मिठाच्या पाण्यानं पुसा (लिटरला ९ ग्रॅम), प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. डोळ्याखालची गाठ कडक झाली असेल तर आत पू घट्ट झालाय. औषध तिथे शिरत नाही, ती पशुवैद्यकाकडून उघडून घ्या.