आईच्या काचबिंदूसाठी लेझर सांगितलंय, कोल्हापुरात कुठे करावं?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तेव्हा डोळ्याचं प्रेशर २६ निघालं आणि काचबिंदू असल्याचं कळलं. तेव्हापासून दोन औषधांचे थेंब चालू आहेत. तिच्या बोटांना संधिवात आहे, बाटली दाबताच येत नाही. निम्मे थेंब गालावर जातात. मी घरी असलो की घालतो, पण माझी शिफ्ट शिरोलीला. परवा डॉक्टर म्हणाले, लेझर करून घेऊया. ओपीडीत एवढी गर्दी होती की नीट विचारता आलं नाही. आई लेझर म्हटल्यापासून झोपलेली नाही. दुखतं का? थेंब सुटतात का? इथंच करावं की मिरज-पुण्याला जावं?

रंकाळाकाठ
दादा, आईंना आधी सांगा की घाबरायचं काही नाही. माझ्या वडिलांचं गेल्या वर्षी एसएलटी, म्हणजे काचबिंदूचं एक लेझर, झालं. भूल म्हणून फक्त थेंब. नंबर तपासतात तसं मशीनवर हनुवटी टेकवायची, डोळ्यावर जेल लावलेलं भिंग ठेवतात, मग हिरवा उजेड आणि टिकटिक आवाज. दहा मिनिटांत उठले. तासाभरानं पुन्हा प्रेशर मोजलं, कारण लेझरनंतर ते थोडा वेळ चढू शकतं. लगेच फरक दिसत नाही हं. आम्हाला पहिल्या आठवड्यात वाटलं की पैसे पाण्यात गेले. दीड महिन्यानं २४ चं १८ झालं. एक थेंब सुटला, दुसरा अजून आहे.

गंगावेस_चष्मेवाला
मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे चष्म्याचा नंबर तपासणारा आहे, डॉक्टर नाही. पण "कुठे" याच्या आधी "कोणतं लेझर" हे विचारा. डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) व बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा यांच्यामधल्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. कोन उघडा असून जाळीतून निचरा कमी होत असेल, तर एसएलटी. त्यात जाळीवर लेझरचे साधारण शंभर बारीक ठिपके देतात. कोनच अरुंद असेल, तर रंगीत पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतात. त्याला इरिडोटॉमी म्हणतात. दोन्ही लेझरच, पण काम अगदी वेगळं.

कोन बघायची तपासणी म्हणजे गोनिओस्कोपी. फाइलमध्ये तिची नोंद आहे का ते आजच बघा. नसेल तर आधी ती करून घ्या. आणखी एक. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा पडदा काढायचं याग मशीन बऱ्याच दवाखान्यांत असतं, त्यावर इरिडोटॉमी होते, एसएलटी होतेच असं नाही. म्हणून फोनवर "लेझर आहे का" न विचारता एसएलटी असं नाव घेऊन विचारा. काचबिंदूचे खास डॉक्टर आणि योग्य मशीन गावात असेल तर पुणं कशाला गाठायचं? पुढं वर्षानुवर्षं तपासणीला जायचंय, जवळचं बरं.

थेंबांचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सुरुवातीलाच एसएलटी केलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचं प्रेशर तीन वर्षांनी थेंबांशिवाय आटोक्यात होतं. पण ते सगळे नवे रुग्ण होते आणि कोन उघडा असलेले. आईंचे थेंब पूर्ण सुटतीलच असं धरून चालू नका.

कागलची_मास्तरीण
पोटतिडकीनं सांगते. माझ्या आत्याचं लेझर झालं, "आता मोकळ्या" असं कुणीतरी म्हणालं आणि तिनं थेंब सोडले. दीड वर्ष तपासणी नाही. लेझरचा परिणाम ओसरत जातो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. एका डोळ्याची बाजूची नजर गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही हो. लेझर पुन्हा करता येतं, नजर नाही. फील्ड टेस्टचे, म्हणजे बाजूची नजर तपासल्याचे, जुने कागद जपून ठेवा.

राजारामपुरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फाइल घेऊन पुन्हा गेलो. गोनिओस्कोपीची नोंद नव्हती, मी मागितली, त्यांनी लगेच केली. दोन्ही डोळ्यांचे कोन अरुंद निघाले! म्हणजे आधी इरिडोटॉमी, एसएलटी नव्हे. थेंब चालूच राहणार. सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलंय, म्हणून गडहिंग्लजच्या मावशीलाही बोलावलंय. शनिवारी जातोय.

गंगावेस_चष्मेवाला
बरं झालं विचारलंत. शनिवारपर्यंत सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, काहींनी अरुंद कोन बंद होऊ शकतो. डोळा लाल होऊन ठणकायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, नाहीतर सीपीआर या सरकारी रुग्णालयात.

रंकाळाकाठ
आणि मोटरसायकलवरून आणू नका, रिक्षा करा. बाहुली बारीक करायचे थेंब घालतात, त्यानं कपाळ दुखतं आणि काही तास अंधुक दिसतं. मावशींची तपासणी आधी उरकून घ्या, म्हणजे नंतर आईंजवळ बसायला त्या मोकळ्या.