मदत हवी आहे: आईचे दात हलतात, सफाई केली तर अजून हलतील का?

चोपडेकर
आई, वय ५८. आठ वर्षांपासून साखर, बीपीला अम्लोडिपिन ५ मिग्रॅ. दिवसातून दोनदा मशेरी. खालचे पुढचे चार दात हलतात, हिरडी दाबली की पू येतो, तोंडाला वास. रक्त मात्र फारसं येत नाही. डेंटिस्टने चार वेळा बोलावून खोल सफाई करू म्हटलंय. गल्लीतल्या बायका म्हणतात, मशीन लावलं की आहेत तेही दात खिळखिळे होतात. आई अडून बसली आहे. तोवर मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून देऊ का?

तापीकाठ
भो, दात हाडात बसलेला असतो, कीटणात नाही. हिरडीखाली कीटण साचलं की त्यावरच्या जंतूंशी शरीर झुंजतं आणि त्या झुंजीत दाताभोवतीचं हाड झिजतं. खालच्या पुढच्या दातांमागे, जिभेखाली, लाळेच्या नळ्या उघडतात, म्हणून कीटण तिथेच जाड होतं. कधी कधी तो थर चारही दातांना सिमेंटसारखा जखडून ठेवतो. थर निघाला की फटी दिसतात, गार पाणी झिणझिणतं, काही दिवस दात जास्त हलल्यासारखे वाटतात. गल्लीला तेवढंच दिसतं. सूज उतरली की हिरडी घट्ट बसते आणि हलणंही बऱ्याचदा कमी होतं. गेलेलं हाड सफाईने भरून येत नाही, पुढचं जाणं थांबतं. हे आईंना आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या बैठकीला त्या जाणारच नाहीत.

रक्त येत नाही यात समाधान मानू नका. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रोग झाकला जातो. सोडल्यावर काही आठवडे उलट जास्त रक्त दिसू शकतं. तेव्हा 'मशेरी होती तेच बरं होतं' म्हणून पुन्हा डबी उघडली जाते. तिथेच सांभाळा.

अँटिबायोटिक नको. कीटणाला चिकटलेला थर गोळीने सुटत नाही, खरवडावाच लागतो. पू दोन दिवस थांबेल, आतलं काम चालूच राहील.

धुळेकर_७७
वर सांगितलंय ते बरोबर. डेंटिस्टकडे दोन गोष्टी मागा: एक्स-रे आणि खिशांची मापं. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत बारीक सळई घालून प्रत्येक दाताला सहा ठिकाणी खोली मोजतात. १ ते ३ मिमी ठीक, ४ किंवा जास्त म्हणजे रोग, सफाईनंतरही ६ उरले तर हिरडी उघडून साफ करण्याचा विचार. आकडे लिहून घ्या. नंतर तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

जाताना नाश्ता आणि साखरेची गोळी चुकवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. अम्लोडिपिनने काही जणांची हिरडी वाढते, तेही दाखवा, पण गोळी मनाने बंद नको. साखर आणि हिरडी दोन्हीकडून जोडलेली आहेत: साखर चढली की हिरडी बिघडते, आणि हिरडी सुधारली की एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) थोडी उतरू शकते.

खर्चाची अडचण असेल तर धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, तिथे विचारा.

चोपडेकर
आई तयार होतेय. घरी काय करायचं? बाभळीच्या काडीची सवय आहे.

तापीकाठ
काडी आडवी घासली की हिरडी खाली सरकते आणि मुळं उघडी पडतात. मऊ ब्रश घ्या. केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवा, जागच्या जागी थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे ओढा. दोन मिनिटं, दोनदा. खालच्या दातांमागे ब्रश उभा धरावा लागतो, तिथेच सगळे चुकतात.

पण ब्रश फटीत पोचत नाही. त्यासाठी फटीचा छोटा ब्रश मिळतो. जोर लावावा लागला तर नंबर लहान घ्या, काही न घासता सैल गेला तर मोठा. रात्री एकदा, प्रत्येक फटीत आत-बाहेर चार-पाच वेळा. पहिले काही दिवस रक्त येईल, म्हणून थांबू नका.

गुळण्यांचं औषध क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिली तोंडात एक मिनिट खळखळवून थुंकायचं, दिवसातून दोनदा, तेही डेंटिस्ट सांगेल तेवढेच दिवस. पेस्टनंतर अर्धा तास थांबा, नाहीतर पेस्टमधला फेस करणारा घटक औषध निकामी करतो. लगेच चहा घेतला तर दात तपकिरी पडतात.

धुळेकर_७७
एक राहिलं. सफाईनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मापं, मग दर तीन महिन्यांनी. मशेरीची सवय आहे म्हणून गाल आणि हिरडीवरचे पांढरे-लाल चट्टे बघत जा. चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवा. आणि गाल-जबडा सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात न्या.