२० सुरांच्या रोल-ऑर्गनला मिडी (संगणकाकडून वाद्याला सूर कळवायची पद्धत) जोडायचंय, झडपा कुठल्या घ्याव्यात?

भाता२०:
हाताने फिरवायचा, कागदी रोलवर वाजणारा ऑर्गन. दाब पाण्याच्या नळीत १३० मिमी. रोल काढून न टाकता मिडीवरही वाजायला हवा. १२ व्होल्टच्या पाव इंची सॉलेनॉइड (विजेच्या कॉइलवर चालणाऱ्या) झडपा लावल्या. टक्क वाजतात, सूर मात्र लागत नाही.

पाऊचवाला:
झडपा पायलट जातीच्या, म्हणजे हवेच्याच दाबाच्या मदतीने उघडणाऱ्या दिसतात. त्यांना उघडायलाच ०.३ ते ०.५ बार लागतो. १३० मिमी पाणी म्हणजे जेमतेम ०.०१३ बार. डायरेक्ट-अ‍ॅक्टिंग (कॉइल थेट उघडते अशा) घ्या, भोक निदान २.५ मिमी. ब्लीड, म्हणजे पाऊच (सुराची झडप हलवणारी चामड्याची छोटी पिशवी) परत भरणारं बारीक भोक, ०.८ मिमीचं असेल तर झडपेचं क्षेत्रफळ त्याच्या जवळजवळ दहापट होतं, पाऊच झटकन रिकामा होतो.

त्याआधी रोल काढून भाता मारा. सगळे सूर एकदम ओरडले तर कागद जिच्यावरून सरकतो त्या पट्टीच्या भोकातून हवा बाहेर सुटण्याचा प्रकार. त्यात प्रत्येक नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून साधी दोन तोंडांची झडप पुरते. रोल दाबाच्या बंद पेटीत फिरत असेल तर तीन तोंडांचीच हवी, नाहीतर नळीत दाब अडकून सूर लागलेलाच राहतो. पहिल्या प्रकारात मिडीच्या वेळी पट्टीवर कोरा कागद हवाच.

ओहम:
विजेची बाजू अशी: मिडी आत घ्यायला ६एन१३८ ऑप्टो (प्रकाशातून सिग्नल देणारी चिप), प्रोग्रामसाठी आर्डुइनो नॅनो बोर्ड (मिडीचा वेग ३१,२५० बॉड), आउटपुट वाढवायला तीन ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर, झडपांना करंट द्यायला तीन यूएलएन२८०३ ड्रायव्हर. झडप ८० मिलिअँपची धरली तर वीस मिळून १.६ अँप, १२ व्होल्ट ३ अँपचा सप्लाय घ्या. यूएलएनची कॉम पिन १२ व्होल्टला जोडायला लोक हमखास विसरतात, मग चिप उडते. ५९५ची ओई (आउटपुट चालू-बंद करणारी) पिन १० किलोओहमने वर ओढून ठेवा आणि रजिस्टर साफ केल्यावरच खाली घ्या, नाहीतर स्विच टाकताच वाट्टेल ते सूर वाजतात.

भाता२०:
हवा सुटण्याचाच प्रकार निघाला. नव्या झडपांवर सूर लागतो. पण तोच सूर भराभर आला की दोन ठोके एक होतात, आणि काही फाइलींत सूर सुटतच नाही.

पाऊचवाला:
नळ्या किती लांब? झडपांची फळी पट्टीला चिकटून बसवा. नळीतली हवा वाढली की पाऊच परत भरायला वेळ लागतो. ब्लीडमध्ये कचरा असला तरी हेच होतं, तो आधी बघा. ब्लीडचं भोक मोठं करण्याची घाई नको.

ओहम:
न सुटणारा सूर प्रोग्रामचा दोष. व्हेलॉसिटी (सुराचा जोर) शून्य असलेला नोट-ऑन म्हणजे नोट-ऑफच, आणि रनिंग स्टेटसमध्ये स्टेटस बाइट (संदेशाचा प्रकार सांगणारा पहिला बाइट) पुन्हा येत नाही, दोन्ही सांभाळा. कंट्रोलर १२३ (सगळे सूर बंद करायचा मिडी संदेश) आला की सगळं बंद. वीस सूर सलग अर्धस्वरांचे नसतात, तेव्हा कुठल्या मिडी सुराला कुठली झडप हा तक्ता हातानेच भरा.