मदत हवी आहे: तेल खरंच संपत आलंय का?

नमस्कार मंडळी, मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. "पन्नास वर्षांत तेल संपणार" हे माझ्या शाळेतही सांगत, आजही सांगतात. अमेरिकेचं तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल, हे अमेरिकन भूशास्त्रज्ञ हबर्ट यांचं १९५६ मधलं भाकीत खरं ठरलं. पण शेल तेलामुळे (घट्ट खडकांत अडकलेलं तेल) २०१८ मध्ये तो उच्चांकही मागे पडला! उलट १९७४ मध्ये सापडलेलं आपलं मुंबई हाय आता उतरणीला लागलंय. साठे मोजताना आजच्या भावात, आजच्या तंत्राने काढणं परवडेल तेवढंच तेल धरतात ना? मग भाव वाढला की साठ्याचा आकडा नव्याने कसा ठरवतात? तेलक्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सोप्या शब्दांत समजावून सांगावं. कोळशाचं गणितही असंच असतं का?