मदत हवी आहे: मुलांच्या खर्चाची रक्कम नक्की कशी काढतात?

मंडळी, जरा डोकं चालवा. माझी बहीण आणि तिचा नवरा वेगळे राहतायत, मुलं दोन, आठवड्यातले काही दिवस इकडे काही तिकडे. आता रकमेचं बोलणं चाललंय आणि प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतोय.

मी जे वाचलं त्यावरून दोन पद्धती दिसल्या. एकात फक्त पैसे देणाऱ्याच्या उत्पन्नाचे ठरावीक टक्के, म्हणजे टेक्सासमध्ये एका मुलाला नेट इन्कमचे २० आणि दोघांना २५ टक्के, दुसरीकडे आईबाप दोघांचं उत्पन्न एकत्र धरून मुलांचा खर्च काढतात आणि ज्याची जेवढी कमाई तेवढा त्याचा वाटा. मला दुसरी जास्त पटते, कारण बहीणही कमावते. ब्रिटनमध्ये तर रात्री मोजतात, वर्षाला किमान ५२ रात्री मूल पैसे देणाऱ्याकडे राहिलं की रक्कम १/७ ने कमी. त्यामुळे कोणाकडे किती रात्री यावरूनच भांडणं होत असणार, आमच्याकडे तर सुरूही झालीत!

विचारायचंय ते असं, की बोनस आणि ओव्हरटाइम उत्पन्नात धरतात का? दाजींचा स्वतःचा धंदा आहे, एक महिना भरपूर आणि पुढचा कोरडा, मग सरासरी किती महिन्यांची काढायची? आणि पाळणाघर, मेडिकल इन्शुरन्स, शाळेची फी हे त्याच रकमेत येतं का वरून वेगळं? ऑनलाइन कॅल्क्युलेटरचा आकडा पुढे कोर्टात कितपत टिकला तेही सांगा, कोणी यातून गेलं असेल तर. वकिलाकडे जायचंच आहे, पण कोऱ्या पाटीने नको.