सासूबाई आणि चर्च
ताई, तुम्ही विचारलंय की सासूबाई सोवळ्याच्या आहेत, ट्रिपमध्ये त्यांना चर्चमध्ये न्यावं की गाडीत बसवून ठेवावं. अहो न्या की! आम्ही ग्वाल्हेरचे, मेरठला लग्नाला गेलो तेव्हा जवळच सरधन्याला तिथल्या जुन्या जहागीरदारीण बेगम समरूने बांधलेलं चर्च बघून आलो. आमच्या सासूबाईंनी कोणी न सांगता चपला काढल्या, मरियमपुढे हात जोडले आणि बेगमबद्दल विचारत बसल्या, मग काय नवरोबा सुरूच झाले, की ही बाई मूळची मुसलमान, 1781 मध्ये आग्र्याला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली, स्वतःची फौज होती आणि 1803 च्या इंग्रजांविरुद्धच्या असईच्या लढाईत तिच्या पलटणी आपल्या दौलतराव शिंद्यांच्या बाजूने होत्या. एवढं ऐकल्यावर सासूबाईंना ती माहेरचीच वाटायला लागली. तिची समाधी पण आतच आहे, संगमरवरी पुतळे एकदम भारी.

बाकी, मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर मागे बसा, फोटो नको. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन पांढरी चकती घेतात ना, ती आपल्याकडच्या प्रसादासारखी सगळ्यांना नसते, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक लोकांनाच, त्यामुळे मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर ती पळत रांगेत घुसतात. मेणबत्ती मात्र कोणीही लावू शकतं. आणि घरी आल्यावर आंघोळ करायची म्हणाल्या तर करू द्या, वाद नका घालू.